पेडलला पाय फुटतात तेव्हा...

सोमवार ते शुक्रवार क्युबिकल आणि शनिवारी रात्री गिटार, असा डबल रोल करणारी पब्लिक आपल्या आसपास जाम वाढलीय. दिवसा एक्सेल शीटशी मारामारी, रात्री जॅमरूममध्ये डिस्टॉर्शन. पहिल्या बोनसमधून गिटार येते, दुसऱ्यातून अ‍ॅम्प. आणि मग सुरू होतो पेडल्सचा नाद, जो दाढीसारखा आहे. एकदा आला की वाढतच जातो. ओव्हरड्राइव्ह कुठला घ्यायचा यावर ही मंडळी कँटीनमध्ये तासन् तास वाद घालतील, एकमेकांचे कान किटवतील. पण हजारो रुपयांची ती पेडल्स पायाखाली जागच्या जागी धरून कोण ठेवतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आज तोच विषय. बिलकुल ग्लॅमरस नाही, आधीच सांगून ठेवते.

गिटारशी ज्यांचा संबंध फक्त कॉलेजच्या फ्रेशर्स पार्टीपुरता आला, त्यांच्यासाठी थोडक्यात. पेडल म्हणजे धातूचा छोटा डबा. गिटारचा आवाज एका बाजूने आत जातो, दुसऱ्या बाजूने बदलून बाहेर येतो. पायाने बटण दाबायचं की चालू, परत दाबायचं की बंद. बॉस या जपानी कंपनीने १९७७ मध्ये आपली पहिली कॉम्पॅक्ट पेडल्स बाजारात आणली आणि तो आकार इतका जमला, की कंपनीने आजही तो सोडलेला नाही. साधारण ७३ मिलिमीटर रुंद, १२९ मिलिमीटर लांब. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. आता या चारशे ग्रॅमच्या डब्यावर सत्तर किलोचा माणूस, अंधारात, उड्या मारता मारता, बूट घालून पाय देतो. डबा हलणार नाही तर काय होणार?

हलला तर हलला, असं म्हणून चालत नाही. कारण सगळी पेडल्स एकामागे एक जोडलेली असतात. पूर्वीची दिवाळीच्या लायटिंगची माळ आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. तेच इथे. पेडल सरकलं की ओढ बसते ती दोन पेडल्समधल्या वीतभर पॅच केबलला. प्लग अर्धा बाहेर आला की पाचच्या पाच पेडल्स असून नसल्यासारखी. प्लग बाहेर आला नाही, तर तो ताण आतल्या जॅकवर आणि त्याच्या सोल्डरिंगवर जातो. ते दुखणं लगेच कळत नाही. दोन महिन्यांनी खरखर सुरू होते, आणि मग तुम्ही केबल बदला, अ‍ॅडॉप्टर बदला, गिटार बदला, सगळं करून थकता.

माझ्या ओळखीतला एक गिटारिस्ट पोटापाण्यासाठी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. गेल्या वर्षी एका फेस्टला त्याच्या बँडला वीस मिनिटांचा स्लॉट मिळाला होता. स्टेजवर चकचकीत व्हिनायल, पेडल्स नुसतीच मांडलेली. सोलो सुरू करायला त्याने डिलेवर पाय मारला, डिले पुढे गेला आणि आवाज गायब. ड्रमर वाजवतोय, बास वाजतोय, हा गुडघ्यावर बसून पाच डब्यांमध्ये सुटलेला प्लग शोधतोय. चार मिनिटं गेली. रोज दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधले बग काढणारा माणूस, आणि स्वतःचा बग सापडायला चार मिनिटं! वीसातली चार. ऑर्गनायझरने पुढच्या कार्यक्रमाला दुसरा बँड बोलावला. कारण कुणी सांगितलं नाही, पण ते सांगायची गरजही नव्हती.

तर उपाय. नव्वद टक्के लोक जिथे सुरू करतात, तो वेल्क्रो. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरची ही करामत. १९४१ मध्ये तो कुत्र्याला घेऊन फिरायला गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडं चिकटलेली. आपल्याकडे माळरानावरून आलं की पँटला कुसळं चिकटतात ना, तसला प्रकार. आपण शिव्या घालत ती काढून टाकतो, याने मायक्रोस्कोपखाली धरली. टोकाला बारीक आकडे दिसले. १९५५ मध्ये पेटंट मिळालं. व्हेल्युर म्हणजे मखमल आणि क्रोशे म्हणजे आकडा, या दोन फ्रेंच शब्दांचं ते नाव. आज लहान मुलांच्या बुटांपासून डॉक्टरांच्या बीपीच्या पट्ट्यापर्यंत तो सगळीकडे आहे.

वेल्क्रोची एक गंमत लक्षात ठेवा. त्याला आडवं सरकवायला गेलात तर तो कडक विरोध करतो, पण एका कोपऱ्यातून सोलायला लागलात की निमूट सुटतो. पेडलसाठी हे फिट बसतं. पायाचा धक्का आडवा असतो, तेव्हा पेडल हलत नाही. आणि तुम्हाला काढायचं असेल तेव्हा एक कडा उचलून सोलायचं. सरळ वर खेचू नका. जोर लावून खेचलं की वेल्क्रो तसाच राहतो आणि खालचा डिंक सुटून हातात येतो.

मऊ बाजू कुठे आणि खरखरीत बाजू कुठे, यावर गिटारवाल्यांमध्ये दोन तट आहेत. माझं मत स्पष्ट आहे: बोर्डवर मऊ, पेडलखाली खरखरीत. का? एक तर अनेक बोर्ड कार्पेट लावलेलेच येतात आणि खरखरीत बाजू त्यावर थेट चिकटते. दुसरं, कधी बोर्ड नेला नाही आणि एकच पेडल घेऊन गेलात, तर स्टेजवरच्या जाजमालाही ते धरून बसतं. पण खरं महत्त्वाचं हे, की बँडमधल्या सगळ्यांनी एकच पद्धत ठेवावी. ऐन वेळी मित्राचं पेडल उधार घेतलं आणि दोघांच्याही खाली मऊ मखमल निघाली, तर त्या दोस्तीचा काय उपयोग?

वेल्क्रो घेताना एक काळजी. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मिळतो तो शिवायचा वेल्क्रो, त्याला मागे डिंक नसतो. स्वस्त मिळतो म्हणून तो आणून फेव्हिक्विकने चिकटवायचा मोह टाळा. तो डिंक कडक होतो, धक्क्याने तडकतो, आणि पेडलच्या रंगावर कायमचा डाग ठेवून जातो. मागे चांगला डिंक असलेली पट्टीच घ्या. मुंबईत असाल तर लोहार चाळ, नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठ, अशा ठिकाणी हार्डवेअरच्या दुकानांत चक्कर मारा. शनिवारी दुपारी मात्र नको. गाडी लावायला जागा शोधण्यातच वीकेंड जाईल.

आता बॉसवाल्यांचं खास दुखणं. बॉसच्या पेडलला तळाशी जाड रबर असतं. घरच्या फरशीवर ते मस्त पकड घेतं, पण डिंकाला रबर अजिबात मानवत नाही. त्यामुळे वेल्क्रो लावला की आठवड्याभरात पट्टी बोर्डवर आणि पेडल मोकळं. यावर बरेच जण रबरच सोलून काढतात. थांबा, राव! तळाशीच सिरियल नंबरचा स्टिकर असतो. उद्या हे पेडल विकायला काढलंत, तर घेणारा पहिल्यांदा ते उलटं करून बघणार. आणि विकायला तर काढणारच. पेडलवाली माणसं पेडल ठेवत नाहीत, फिरवतात. बहुतेकांचं पहिलं चांगलं पेडल सेकंडहँडच असतं, आणि रबर शाबूत असलेल्या, मूळ डब्यासकट असलेल्या पेडलला घासाघीस कमी होते.

मग करायचं काय? तळाची पत्री चार स्क्रूंवर असते. ती रबरासकट काढून कपाटात नीट ठेवून द्यायची आणि तिच्या जागी फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याच मापाची, चार भोकांची पातळ अ‍ॅल्युमिनियमची पत्री कापून घ्यायची. आतल्या बाजूला इन्सुलेशनसाठी प्लॅस्टिकचा कागद लावायचा, नाहीतर सर्किट पत्र्याला टेकून शॉर्ट व्हायचं. सपाट पत्र्यावर वेल्क्रो झकास बसतो. विकताना जुनी पत्री परत लावायची की पेडल पुन्हा कोरं करकरीत.

एमएक्सआरसारख्या छोट्या डब्यांचं सोपं आहे. त्यांची रबराची चार बटणं निघतात, खाली सपाट धातू मिळतो. ट्यूब स्क्रीमरवाल्यांनी मात्र एक बघायचं. टीएस-९ची बॅटरीची झडप तळाशीच आहे. तिच्यावर पट्टी मारलीत तर बॅटरी बदलताना सगळंच उचकटावं लागेल. बॉसचं तसं नाही, पुढचा मोठा स्क्रू फिरवला की वरूनच बॅटरी निघते. एकदा अ‍ॅडॉप्टरवर गेलात की बॅटरीची कटकटच नको, पण मग आतली बॅटरी काढून ठेवा. विसरली तर कधीतरी ती गळते.

वेल्क्रोच्या वरचा क्लास म्हणजे थ्रीएमचं ड्युअल लॉक. यात मऊ-खरखरीत हा भेदभाव नाही. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या अळंब्यांसारखी बारीक डोकी असतात, ती एकमेकांत घुसतात आणि टक् टक् असा छान आवाज येतो. व्यसन लागेल असा आवाज. पट्टीवर १७०, २५०, ४०० असे प्रकार असतात, तो आकडा म्हणजे एका चौरस इंचात किती डोकी. जितकी गर्दी जास्त, तितकी पकड घट्ट. २५० विरुद्ध २५० हे पेडलसाठी पुरेसं होतं. सुरुवातीला सगळ्यांची एकच चूक होते, अख्खा तळ भरून ड्युअल लॉक लावायचं. मग ते पेडल काढायला पहिलवान लागतो. बोर्ड वाकतो, पेडल हलत नाही. दोन कडांना दोन-दोन इंचाचे तुकडे, बास. ज्याची जागा पक्की झालीय त्याला ड्युअल लॉक आणि दर महिन्याला बदलणाऱ्या पेडलला वेल्क्रो, हा माझ्या मते बेस्ट फंडा. मात्र एकाच पेडलखाली दोन्ही लावू नका. उंची वेगळी असल्याने डबा डुगडुगतो.

कुठलीही पट्टी लावा, ती लावायची घाई करू नका. आधी पेडलचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मोबाइल रिपेअरवाल्यांकडे ते असतंच. हाताचं तेल हा डिंकाचा एक नंबरचा शत्रू आहे. पट्टी लावली की अंगठ्याने जोरात दाबा, आणि मग सोडून द्या. अशा डिंकाची पूर्ण ताकद यायला साधारण तीन दिवस लागतात. शुक्रवारी रात्री पट्टी लावून शनिवारी शो करणाऱ्यांनी डिंकाला दोष देऊ नये. आणि एप्रिल-मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या डिकीत बोर्ड ठेवून ऑफिसला जाऊ नका. संध्याकाळपर्यंत आत डिंकाची चिक्की झालेली असते.

यापुढे जायचं असेल तर माझा लाडका उपाय, सायकलची चेन! खरंच. परदेशातले कित्येक बोर्ड बांधणारे कारागीर हे वर्षानुवर्षं करत आलेत, आणि आपल्याकडे तर गल्लोगल्ली सायकलवाला आहे. चेनच्या कडीची बाहेरची पत्री सुटी केली की ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते. दोन भोकं, मधलं अंतर अर्धा इंच. पेडलच्या तळाचा कोपऱ्यातला स्क्रू काढायचा, कडीच्या एका भोकातून घालून परत आवळायचा. दुसरं भोक डब्याच्या बाहेर डोकावतं, त्यातून लाकडाचा स्क्रू थेट बोर्डमध्ये. असे समोरासमोर दोन किंवा चारी कोपरे केले की पेडल हलायचं नाव घेत नाही. डिंक नाही, डाग नाही, उन्हाची भीती नाही. काढलं की पेडल जसंच्या तसं. सायकलवाल्याला चार कड्या मागितल्यात तर तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, तेवढं सहन करा. जुनी चेन असेल तर ग्रीस रॉकेलने धुऊन घ्या.

इथे एकच धोका आहे. मूळ स्क्रू पुरत नाही म्हणून लांब स्क्रू घातलात, तर त्याचं टोक आत सर्किट बोर्डाला टेकू शकतं. बदलायचाच झाला तर मापात एखाद-दोन मिलिमीटरच जास्त घ्या, आणि आत किती जागा आहे ते झाकण उघडून डोळ्यांनी बघा. आणि पेडलच्या डब्यालाच ड्रिलने भोक पाडायचा विचार मनात आला, तर गार पाणी पिऊन शांत बसा.

मॅग्नेटची आयडिया कुणीतरी दर सहा महिन्यांनी काढतं. बहुतेक पेडल्सचे डबे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, मॅग्नेट चिकटणार कशाला? फोमचा डबल टेप चालतो, पण काढताना रडवतो. केबल टाय पॉवर सप्लाय बोर्डच्या पोटाशी बांधायला आणि वायरी आवरायला उत्तम. पेडलसाठी वापरलेत तर दर वेळी कापावे लागतात.

वाह पेडलचा स्वभाव मात्र वेगळा आहे. बाकीच्यांवर आपण पाय मारतो, वाहवर उभे राहतो आणि पुढेमागे झुलतो. त्यामुळे त्याची एक कडा सतत उचलली जाते, आणि वर म्हटलं तसं, कडा उचलणं हीच वेल्क्रोची दुखरी नस. क्रायबेबीच्या तळाचे रबरी पाय स्क्रूने बसवलेले असतात. त्या जागी चेनच्या कड्या किंवा निदान ड्युअल लॉक, याला पर्याय नाही. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

आता हे सगळं बसवायचं कशावर? रेडिमेड बोर्ड आहेत, पेडलट्रेनसारखे, ज्यांत पट्ट्यांच्या मधून वायरी खाली सोडता येतात. युरोप-अमेरिकेत तर आयकियाच्या गॉर्म नावाच्या लाकडी फळ्यांचे इतके बोर्ड झाले, की तो एक वेगळा पंथच म्हणायचा. पण पहिला बोर्ड सुताराकडूनच करून घ्या असं मी म्हणेन. हिशोब सोपा. बॉसच्या आकाराची पाच पेडल्स, प्रत्येकी ७३ मिलिमीटर, म्हणजे ३६५. मधल्या चार फटींत अँगल प्लगसाठी प्रत्येकी तीसेक मिलिमीटर, म्हणजे १२०. झाले ४८५, एकोणीस इंच. दोन्ही टोकांचे प्लग धरून चोवीस इंच बाय बारा इंचाची १२ मिलिमीटर प्लायची फळी घ्या. ती दीड किलोच्या आसपास भरते, पेडल्सचे दोन, वर सप्लाय आणि वायरी. म्हणजे चारेक किलो. अंधेरीहून लोकलने न्यायचं असेल तर हा आकडा आधी करून बघितलेला बरा.

कच्च्या प्लायवर डिंक टिकत नाही. वरून सनमायका लावून घ्या, गुळगुळीत घ्या, डिझाइनवाला नको. कडा पॉलिशने बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात प्लाय फुगतो. मागची बाजू दीड-दोन इंच उंच ठेवली, की मागच्या रांगेतलं पेडल दाबताना पुढचं बटण चुकून दाबलं जात नाही. खाली बोर्डलाच रबराचे बूट मारायला विसरू नका. पेडल्स बोर्डला घट्ट आणि बोर्डच स्टेजवर घसरतोय, ही अख्खी वरात पुढे गेल्यासारखं होतं.

आणि चिकटवण्याआधी आठवडाभर सगळं नुसतं मांडून वाजवा. वाजवायचे बूट घालून वाजवा, अनवाणी नाही. अनवाणी पायाला जी फट पुरते ती स्पोर्ट्स शूजला पुरत नाही. जास्त वापरातलं पेडल पुढे, वर्षातून एकदा लागणारं फेझर मागे कोपऱ्यात. केबल आधी लावा, प्लग पूर्ण बसलेत बघा, मग खाली पेन्सिलने खुणा करा, आणि शेवटी पट्टी.

पुढे कधी मांडणी बदलायची झाली तर हेअर ड्रायरने पट्टी कोमट करून हळू सोला. उरलेल्या डिंकाला नीलगिरीचं तेल लावून दहा मिनिटं थांबलं की तो बोटाने गोळा होतो. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, त्यातल्या अ‍ॅसिटोनने डिंकाबरोबर पेडलचा रंग आणि त्यावरची अक्षरंही जातात.

सगळं झालं की एक टेस्ट. बोर्ड उचला, सरळ उलटा करा आणि दोन-तीन वेळा दणकून हलवा. स्कूटरवरचे खड्डे आणि लोकलमधली गर्दी दोन्हीची रंगीत तालीम एकदम होते. जे पडेल त्याची पट्टी बदला. ही टेस्ट गादीवर करा, फरशीवर नको.